पुएर्तो वायार्तातली माडी

क्रूझवर नोकरी म्हटलं की गावात सगळे म्हणतात, "मजा आहे बाबा तुझी, जग बघतोस." त्या कॉन्ट्रॅक्टमध्ये आमचं जहाज मेक्सिकोतल्या पुएर्तो वायार्ताला आठव्यांदा लागलं, तरी मी गाव म्हणून पाहिलं होतं ते धक्क्यासमोरचं वॉलमार्ट. क्रूचे पाय तिथंच अडतात. शाम्पू घ्यायचा, वायफाय मिळालं तर घरी बोलायचं आणि परत गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात.

जानेवारीतल्या त्या दिवशी मात्र दहा ते साडेतीन मोकळा होतो. आधी मालवणला फोन केला. तिकडे रात्रीचे साडेनऊ, बाबा झोपायच्या तयारीत. मग मी आणि माझा केबिनमेट, फिलिपिन्समधल्या लेयते बेटावरचा, काचेवर 'सेंट्रो' लिहिलेल्या बसमध्ये चढलो. बस दगडगोट्यांच्या रस्त्यावरून अशी खडखडत गेली की आमच्या कणकवली गाडीची आठवण यावी.

१९६३ मध्ये इथं 'द नाइट ऑफ द इग्वाना' या सिनेमाचं शूटिंग झालं. रिचर्ड बर्टन आला, त्याच्यामागे एलिझाबेथ टेलर, त्यांच्यामागे पत्रकार, आणि हे गाव जगाला ठाऊक झालं. प्रवाशांना गाइड हेच सांगतात. आम्हाला भूक लागली होती. लोस मुएर्तोस, म्हणजे 'मेलेल्यांची' पुळण. हे नाव बदलायचा प्रयत्न झाला होता म्हणे. लोकांनी दाद दिली नाही. तिथं काठीला टोचून निखाऱ्यावर भाजलेला मासा खाल्ला, वर लिंबू आणि तिखट सॉस. चांगला होता. आमच्या आईनं त्याला आधी मीठ-हळद लावून ठेवलं असतं, एवढंच.

नंतर मालेकॉनवर, म्हणजे समुद्राकाठच्या फरसबंद रस्त्यावर, रेंगाळलो. एका उंच खांबाच्या टोकावरून पायाला दोर बांधलेली चार माणसं डोकं खाली करून गोल गोल फिरत उतरत होती. पाचवा वर बसून बासरी वाजवत होता. माझे आजोबा भंडारी, रोज माडावर चढणारे. माझं लक्ष त्या माणसांपेक्षा दोरांच्या गाठींकडे.

तेवढ्यात केबिनमेट ओरडला, "तुबा!"

खांद्यावर भला मोठा भोपळा घेतलेला एक म्हातारा पांढरट पेय विकत होता. वरून सफरचंदाचे तुकडे, दाणे. केबिनमेटच्या गावी माडीला हेच नाव. पहिला घोट घेतला आणि मलाही ओळखायला वेळ लागला नाही. गोड, मागे जराशी आंबूस चव. क्रूची दारूची तपासणी कधीही होते, म्हणून मी पेला नाकाशी धरून दोनदा वास घेतला. पहाटेची नीरा दुपारपर्यंत काय होते हे आमच्या घरात पोरांनाही कळतं. पण बर्फानं तिला धरून ठेवलं होतं. दुसरा पेला घेतला.

यामागची गोष्ट मी नंतर वाचली. १५६५ ते १८१५ या काळात स्पेनची गलबतं मनिला ते आकापुल्को ये-जा करत. त्यांवरचे फिलिपिनो खलाशी बरेचदा पळून जाऊन इथंच राहिले. या किनाऱ्याला माड रुजले, आणि ते कसे छेदायचे हे यांनी शिकवलं. ते माडीपासून दारूही गाळू लागले, तेव्हा स्पेनहून येणाऱ्या वाइनचा खप घटेल म्हणून सरकारनं माड तोडण्याचे हुकूम काढले. हुकूम गेले, तुबा राहिली. इथल्या लोकांनी दारू गाळायची रीत याच खलाशांकडून उचलली आणि मग ती घायपातावर वापरून मेस्कल केली, असंही काही अभ्यासक मानतात. टकीला गावही याच हालिस्को राज्यात आहे. केबिनमेटला हे सांगितलं तर तो दिवसभर छाती काढून फिरला. खलाशी काम सोडून पळाले म्हणून इतिहासात नाव निघतं, हे आमच्या एच.आर.ला मात्र सांगू नये.

तीनला परतीची बस धरली. पेल्याचा फोटो बाबांना पाठवला होता. त्यांचा आवाज दुसऱ्या बंदरात ऐकला. चव विचारली नव्हती, किंमतही नाही.

"थंय माडार कोण चढता रे झिला?"

पुढच्या फेरीला त्या म्हाताऱ्याला विचारायचं ठरवलं होतं. त्या दिवशी माझी ड्यूटी गॅलीत लागली.