नाक, आठवा महिना

ऑपरेशनला आठ महिने झाले. नाकावरचा उंचवटा गेला. पण शेंडा किंचित डावीकडे कललाय आणि रात्री उजव्या नाकपुडीतून श्वास अडतो. कलण्याबद्दल मैत्रिणी म्हणतात, "तुलाच दिसतं गं." श्वासाबद्दल कुणी विचारतच नाही. हौसेनं करून घेतलेल्या गोष्टीचं दुखणं सांगायची सोय नसते.

दुरुस्तीच्या ऑपरेशनसाठी साधारण वर्षभर थांबायला सांगतात. सूज उतरायला तेवढा वेळ लागतो, शेंड्याची तर सगळ्यात शेवटी. नाकाच्या पडद्यातली कूर्चा आधीच वापरली गेली असेल, तर ती कानातून किंवा बरगडीतून घ्यावी लागते. ऑफिसात बिघडलेलं रिलीज मी दहा मिनिटांत मागे घेते!

सेल्फी बंद केलेत. १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक ५ फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं, असा २०१८च्या एका अमेरिकी अभ्यासाचा हिशेब आहे. वाचून बरं वाटलं, रात्रीपर्यंत.

बाबांचं नाक अजून तसंच, उंचवट्यासकट. जेवताना ते माझ्याकडे बघतात, बोलत नाहीत. परवा म्हणाले, "दुसऱ्या डॉक्टरांकडे जाशील तेव्हा मी येतो." शनिवारची वेळ घेतलीय.