वाघोलीचं निळं फूल

वाघोली म्हटलं की पुणेकराला काय आठवतं? नगर रोडचा ट्रॅफिक आणि टू बीएचकेच्या जाहिराती! पण जगभरातले दगडवेडे वाघोलीला ओळखतात ते एका निळ्या फुलामुळे. नाव कॅव्हन्साइट. वाघोलीत राहणाऱ्या माझ्या तीन मित्रांना विचारलं. तिघांनाही पत्ता नव्हता.

हे खनिज पहिल्यांदा सापडलं १९६७मध्ये, अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये. पण भरभरून मिळालं ते आपल्या वाघोलीच्या दगडखाणींत. मी ते पाहिलं सिन्नरच्या एमआयडीसीत, कारखान्यांच्या शेजारी असलेल्या 'गारगोटी' म्युझियममध्ये. पांढऱ्याशुभ्र स्टिलबाइटवर निळ्या सुयांचा इवलासा गेंद, थेट शेवंतीच्या कळीसारखा. निळा म्हणजे कसा? मोरपंख आणि शाई यांच्या मधला. कुणीतरी ब्रशने रंगवलंय, असंच वाटतं. मी काचेला नाक लावून किती वेळ उभी होते कोण जाणे.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा पसरला. तो थंड होताना आत अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या. नंतर त्यांत खनिजं विरघळलेलं पाणी झिरपलं आणि स्फटिक वाढत गेले. एकाच बिंदूपासून चहूबाजूंनी सुया फुटल्या की झालं फूल! कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन या तिघांची आद्याक्षरं जोडून त्याचं नाव पडलं. निळाई व्हॅनेडियमची.

गंमत म्हणा किंवा दुःख, पण खाण काही फुलांसाठी खणत नाहीत, खडीसाठी खणतात. सुरुंग उडतो, दगड क्रशरमध्ये जातो. मधे कुणाची नजर पडली आणि त्याने तुकडा बाजूला काढला, तरच फूल वाचतं. नाहीतर आपल्याच एखाद्या फ्लॅटच्या स्लॅबमध्ये! अर्थात सुरुंग लागला नसता, तर ती पोकळी कधी उघडलीच नसती, हेही खरं. म्हणून खाणवाल्यांना सरसकट व्हिलन ठरवायला मी तयार नाही. पण वाचलेले कितीतरी उत्तम नमुने परदेशातल्या संग्रहांत जाऊन बसलेत, हे मात्र खुपतं.

वीकएंडला जायचं असेल, तर पुण्याहून नाशिक हायवेने सिन्नर साधारण १८० किलोमीटर. नाशिककरांना तर जेमतेम तासाभराचं. आणि कुठे कॅव्हन्साइट विकत घ्यायचा मोह झालाच, तर अंगठीत बसवायचा विचार सोडा. चाकूनेही ओरखडा उठेल इतकं ते मऊ आहे, आणि पाकळ्या बोट लागलं तरी तुटतात. त्याला शोकेसच बरी, धूळ झटकायचं फडकं जरा लांब ठेवून.