पावसाळा ओसरेपर्यंत

खुर्चीपुढे दोन विटा मांडल्या आहेत. हे रडरचे पेडल. डाव्या हातात ताटाची कड, म्हणजे योक, उजवा हात टेबलाच्या कोपऱ्यावर, म्हणजे थ्रॉटलवर. ऑक्टोबरात बारामतीला उड्डाणाचे धडे सुरू होतील. तोवर फलटणच्या घरातलं हे माझं सेसना 152.

सायकलच्या हँडलची उजवी मूठ पुढे ढकलली की चाक डावीकडे वळतं. विमानात उजवा पाय पुढे दाबला की नाक उजवीकडे जातं. शाळेत असल्यापासून अंगात मुरलेली सवय पायांना उलटी शिकवायची आहे. शिवाय धावपट्टीवर पूर्ण थ्रॉटल दिला की नाक डावीकडे ओढ घेतं, त्यामुळे उजवी वीट जास्त दाबावी लागते. रात्री पाय धुताना दोन्ही तळव्यांचं पाणी लाल निघतं, उजव्याचं जरा जास्त.

*

मेडिकल झालं, डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर मिळाला. नेव्हिगेशन, हवामान, नियम आणि तांत्रिक, प्रत्येक पेपरला किमान 70 टक्के हवेत. व्यावसायिक लायसन्ससाठी हवेतले 200 तास. माझ्या नावावर अजून शून्य.

*

कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो, हे वाचून पुस्तक मिटलं आणि अण्णांच्या गॅरेजमध्ये गेले. बाहेर वीस-पंचवीस अंश असताना बर्फ कसा होईल? अण्णांनी चेतकच्या नळीतून पेट्रोलचे चार थेंब माझ्या तळहातावर सोडले. "फुंकर मार." हात गार पडला. पेट्रोल उडताना उष्णता ओढून नेतं. त्यातच नळी जिथे अरुंद होते तिथे हवेचा वेग वाढतो आणि ती आणखी थंड होते. हवा दमट असली की बाष्प आत गोठतं, वाट बुजत जाते, इंजिनची ताकद उतरते. उपाय म्हणजे गरम हवेचा नॉब पूर्ण ओढायचा. बर्फ वितळताना इंजिन थोडा वेळ जास्तच खडखडतं. नेमकं तेव्हा घाबरून नॉब परत आत ढकलायचा नाही.

ज्या दमट दिवसांत बर्फाचा विचारही मनात येत नाही, तेच दिवस धोक्याचे.

मग मॅग्नेटो. त्याला अण्णा मॅग्नेट म्हणतात. माझ्या विमानाला दोन असतात आणि दोन्ही बॅटरीवाचून ठिणगी देतात. बॅटरी मेली तरी इंजिन चालूच राहतं. उड्डाणाआधी 1700 आरपीएमला आळीपाळीने एकेक बंद करून बघायचा. कुठल्याही बाजूला 125 पेक्षा जास्त फेरे पडता कामा नयेत आणि दोन्हींतला फरक 50 च्या आत हवा. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि बंद केल्यावर फेरे पडलेच नाहीत तर?" उत्तर मला दुसऱ्या दिवशी पुस्तकात सापडलं. तर तो मॅग्नेटो बंदच झालेला नाही, त्याची अर्थिंगची तार तुटलेली असू शकते. मग किल्ली काढलेल्या विमानाचा पंखासुद्धा हाताने फिरवला तर इंजिन सुरू होऊ शकतं. चाळीस वर्षं स्कूटर उघडणाऱ्या माणसाने हा प्रश्न लगेच विचारला. मला तो सुचला नव्हता.

*

साठास एक. साठ मैल जाताना दिशा एका अंशाने चुकली की आपण मैलभर बाजूला पोचतो. 15 ऑक्टोबर 1932 ला जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, ते एका इंजिनाच्या पस मॉथमधून, रेडिओ नसताना. नकाशा, होकायंत्र, घड्याळ आणि खाली दिसणारी जमीन. नेव्हिगेशनचा कंटाळा आला की मी हे आठवते आणि वाऱ्याचा त्रिकोण पुन्हा काढायला घेते.

*

रेडिओवर 'टेक-ऑफ' हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, एरवी 'डिपार्चर' म्हणायचं. पाठ करताना ही नुसती शिस्त वाटली होती. मग टेनेरिफच्या विमान अपघाताबद्दल वाचलं. 27 मार्च 1977, धावपट्टीवर धुकं, दोन जंबो. एका वैमानिकाला वाटलं की परवानगी मिळाली आहे. टॉवरला वाटलं की तो थांबून आहे. 583 माणसं गेली. त्या रात्री मी नियमांचं पुस्तक पहिल्या पानापासून परत वाचायला घेतलं.

आता आईला दळणाचं सांगतानाही शब्द तोलते. ती काय बोलली ते आधी परत म्हणून दाखवते आणि मगच निघते. टॉवरचं वाक्यही असंच परत म्हणायचं असतं.

*

स्टॉलचा आणि इंजिन बंद पडण्याचा संबंध नाही. पंख वाऱ्याला फार चढा धरला की त्याच्यावरून वाहणारी हवा सुटते, मग इंजिन कितीही जोरात चालू असू दे. नाक खाली पडतं, जमीन समोर येते आणि सगळं अंग सांगतं की ओढ. ओढायचं नाही. पुढे ढकलायचं. रोज पन्नास वेळा मी ताट पुढे ढकलते, कारण त्या क्षणी विचार करायला वेळ मिळेल असं मला वाटत नाही.

*

दिवसभर झड. आभाळ पार खाली आलेलं. एप्रिल-मेच्या दुपारी हवा तापून विरळ होते आणि विमानाला जास्त पळावं लागतं. आत्ता हवा गार आहे, पण पलीकडची चिंचसुद्धा दिसत नाही.

*

रात्री अण्णा चेकलिस्ट वाचायला बसतात. मी डोळे मिटून खुर्चीत. ते एकेक इंग्रजी शब्द जुळवत वाचतात, मी न बघता हात त्या त्या जागी नेते. आज पान उलटल्यावर ते थांबले. पुढचा मथळा होता, उड्डाणानंतर लगेच इंजिन बंद पडल्यास. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"वाचा अण्णा."

त्यांनी वाचलं. मी ताट पुढे ढकललं. वेग 60 नॉट. मागे वळायचं नाही, समोरच जागा शोधायची. मिक्श्चर बंद, इंधन बंद, इग्निशन बंद, फ्लॅप गरजेप्रमाणे, मास्टर बंद.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

त्यांनी चष्मा पुसला आणि तेच पान पुन्हा वरून वाचायला सुरुवात केली.