आळंदीचे मास्तर

तळेगाव दाभाडे

चि. छकुली हिस,


तुझं पत्र पोचलं. ख्यालाचा रियाज आता नेटानं करायचा म्हणून नाटकातलं काम सोडावं, असं तुझ्या मनात घोळतंय. नाटकात गायलं की गळा सवंग होतो, असं कुणा जाणत्या माणसानं तुला सांगितलं आणि ते तुला लागलं. सांगणाऱ्याच्या हेतूवर मी शंका घेत नाही. गाण्याची काळजी असल्याशिवाय कुणी असं बोलत नाही. पण ते मत मला पटत नाही, आणि का पटत नाही ते फोनवर दोन मिनिटांत सांगून होणार नाही, म्हणून हे पत्र.

तू रोज चाकणला कंपनीत जाताना इंदुरीपाशी इंद्रायणी ओलांडतेस. तेच पाणी पुढं देहूवरून आळंदीला जातं. त्या आळंदीत २० जानेवारी १८९८ रोजी कृष्णा गणेश फुलंब्रीकर हा मुलगा जन्मला. मास्टर कृष्णराव. आपल्या भागातल्या किती जणांना हे ठाऊक असेल? आळंदी म्हटलं की माउली आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण मराठी रंगभूमीला आणि बोलपटाला गाणं कसं ठेवायचं हे शिकवणाऱ्या थोड्या लोकांतला एक जण त्याच गावचा, हे आपण जवळपास विसरूनच गेलो आहोत. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

कृष्णराव लहानपणीच नाटक मंडळीत गेले. नाट्यकलाप्रवर्तक मंडळी हे तिचं नाव. रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे आपले सवाई गंधर्व, तेव्हा त्या मंडळीत होते आणि सुरांचे पहिले धडे या पोराला त्यांच्याकडून मिळाले. पुढं भास्करबुवा बखल्यांची नजर त्याच्यावर पडली आणि बुवांनी त्याला शिष्य म्हणून जवळ केलं. आता इथं थोडी थांब आणि बुवा कोण होते ते बघ. फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशा तीन थोर उस्तादांची तालीम मिळालेला हा गवई. ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर या तिन्ही वाटा एका गळ्यात. आणि हेच बुवा पोरवयात किर्लोस्कर मंडळीत काम करणारे बालनट होते. वयात येताना आवाज फुटला, गेला, आणि त्यानंतर ते कठोर मेहनतीनं गवई झाले. म्हणजे ज्या गुरूकडून शुद्ध ख्याल घ्यायचा, तो गुरूही रंगभूमीवरून आलेला. नाटकानं गळा सवंग होत असता, तर या परंपरेत ख्याल शिल्लकच राहिला नसता.

बुवांबरोबर कृष्णराव गंधर्व नाटक मंडळीत आले. तिथं त्यांनी दोन कामं एकाच वेळी केली, आणि मला सांगायचं आहे ते इथंच आहे. रात्री ते पदर घेऊन दुसऱ्या स्त्रीभूमिकांत उभे राहत आणि नारायणरावांचं, म्हणजे बालगंधर्वांचं गाणं त्याच रंगमंचावर हाताच्या अंतरावरून ऐकत. दिवसा बुवांकडून रागाची तालीम घेत. १९२२ साली बुवा गेले. कृष्णरावांचं वय तेव्हा चोवीस. ‘स्वयंवर’ आणि ‘द्रौपदी’ या नाटकांना बुवांनी चाली दिलेल्या होत्या. त्या तोडीचं पुढं देणं ही जबाबदारी त्या पोरसवदा माणसावर आली, आणि त्यानं ती पेलली. ‘मेनका’, ‘सावित्री’, ‘कान्होपात्रा’ या नाटकांतल्या पदांच्या चाली त्यांच्या.

‘कान्होपात्रा’ १९३१ चं. बालगंधर्व तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे होते. देहाचा तो जुना नाजूकपणा ओसरलेला, मंडळी कर्जाच्या ओझ्याखाली. अशा वेळी मंगळवेढ्याच्या गणिकेच्या मुलीची कथा, आणि तिच्या तोंडी अभंग. चाल देणारा नुसता गवई असता तर त्यानं अभंगाला राग चढवला असता, आणि प्रेक्षकांनी रागाला दाद दिली असती. कृष्णरावांनी काय केलं ते ध्वनिमुद्रणं लावून नीट ऐक. राग आहेच, पण तो मागं उभा आहे. स्वर शब्दाच्या पुढं धावत नाही. श्वास जिथं भक्ताचा अडेल तिथं ओळ थांबते, आणि आर्जव जिथं वाढेल तिथं तोच शब्द पुन्हा येतो, दर वेळी थोड्या वेगळ्या वाटेनं. या जागा कागदावर स्वर मांडून सापडत नाहीत. ज्याच्या पायांखाली रंगमंच असतो, समोर अंधारात माणसं बसलेली असतात आणि पुढचं वाक्य कोण बोलणार हे ज्याला ठाऊक असतं, त्यालाच त्या सापडतात. चाल बांधणारा स्वतः नट होता म्हणून ती चाल नटाच्या गळ्यात बसली.

नारायणरावांची पदं म्हणून आपण जी गातो, त्यांतली कितीतरी अशी या माणसाच्या हातून घडली आहेत. बालगंधर्वांचं थोरपण त्यानं तसूभरही कमी होत नाही. पण पद गाताना चाल कुणाची हे माहीत असणं, एवढं तरी गाणाऱ्याकडून व्हायला हवं.

मग बोलपट आले आणि नाटक मंडळ्यांचा पाया हलला. प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून पुण्याला आलेली होती. तिच्या १९३५ च्या ‘धर्मात्मा’त बालगंधर्व संत एकनाथ झाले, म्हणजे आयुष्यभर स्त्रीवेषात पाहिलेला माणूस लोकांनी पडद्यावर पुरुष म्हणून पाहिला. चित्रपटाचं नाव आधी ‘महात्मा’ होतं. सेन्सॉरनं हरकत घेतल्यावर ते बदललं. संगीत कृष्णरावांचं. पुढं ‘अमरज्योती’, ‘वहाँ’, ‘गोपालकृष्ण’, ‘माणूस’, ‘शेजारी’ असे चित्रपट त्यांनी केले.

यांतल्या ‘माणूस’वर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. १९३९ चा हा चित्रपट. शाहू मोडकांचा गणपत पोलीस आणि शांता हुबळीकरांची मैना. मैना कोठ्यावर गाते, आणि समोर बसलेली गिऱ्हाइकं निरनिराळ्या प्रांतांतली. म्हणून तिचं गाणं एकेका कडव्याला भाषा बदलतं. आता विचार कर. पंचवीस वर्षं ख्याल, नाट्यपद आणि अभंग यांत मुरलेला माणूस, आणि त्याच्यापुढं कोठ्यावरचं, टाळीचं, हसऱ्या चेहऱ्याचं गाणं. हे माझ्या इभ्रतीला शोभत नाही, असं म्हणायची सोय त्याला होती. त्यानं तसं केलं नाही. प्रत्येक भाषेचा लहेजा, तिथल्या गाण्याची चव त्यानं त्या त्या कडव्यात आणली आणि मुखडा असा ठेवला की कितीही भटकून आलं तरी गाणं बरोबर दारात येऊन उभं राहतं. ऐकताना पाय ठेका धरतात. पण मैना ज्या आयुष्यात अडकली आहे त्याचं दुखणंही त्याच बेफिकीर चालीत ऐकू येतं. हे सवंग म्हणायचं असेल तर मी त्या शब्दाचा अर्थ नव्यानं शिकायला तयार आहे.

‘शेजारी’ १९४१ चा. हिंदू-मुसलमान दोन म्हाताऱ्या मित्रांची गोष्ट, केशवराव दाते आणि गजानन जागीरदार यांनी उभी केलेली. त्यातलं चांदण्या रात्रीचं समूहनृत्य अजून लोकांच्या डोळ्यांपुढं आहे. शब्द शांताराम आठवल्यांचे. एका गळ्यासाठी चाल करणं वेगळं आणि सगळ्या गावाच्या गळ्यात बसेल अशी चाल करणं वेगळं. समूहासाठी चाल सोपी हवी, पण तिच्यात कंटाळा येता कामा नये. ही विद्या मास्तरांकडे होती आणि पुढं ती फार मोठ्या कामी आली. ते सांगतेच.

त्याआधी ‘कुलवधू’. १९४२, मो. ग. रांगणेकरांची नाट्यनिकेतन. पहाटेपर्यंत चालणारी नाटकं संपत आली होती आणि स्त्रियांच्या भूमिका स्त्रियाच करू लागल्या होत्या. ज्योत्स्नाबाई भोळे नायिका. घरात वावरणाऱ्या, शिकल्यासवरल्या बाईनं पद म्हणायचं तर ते मैफलीसारखं कसं चालेल? मास्तरांनी पदं आटोपशीर केली, बोलण्यातून गाण्यात जाण्याची उडी लहान केली. बालगंधर्वांसाठी ज्यानं ओळ पसरू दिली, त्यानंच दहा-बारा वर्षांत ती आवरायला शिकवली. मागची सवय इतक्या सहज सोडणारा संगीतकार मला दुसरा चटकन आठवत नाही. पुढं १९४४ साली ‘भक्तीचा मळा’मध्ये ते स्वतःच पडद्यावर सावता माळी झाले.

आता ते समूहाचं काम. राष्ट्रगीत म्हणून ‘वंदे मातरम्’ सगळ्यांनी मिळून म्हणायला आणि बँडवर वाजवायला अवघड आहे, असा आक्षेप तेव्हा घेतला जात होता. मास्तरांनी झिंझोटी रागात त्याची चाल बांधली, ती बँडवर वाजवता येते हे करून दाखवलं आणि ती घेऊन दिल्लीच्या नेत्यांपुढं उभे राहिले. २४ जानेवारी १९५० ला राजेंद्रबाबूंनी संविधान सभेत निवेदन केलं. ‘जन गण मन’ राष्ट्रगीत झालं आणि ‘वंदे मातरम्’ला त्याच्याइतकाच मान दिला गेला. मास्तरांना हवं होतं ते पूर्ण मिळालं नाही. पण एका गवयानं देशाच्या गाण्यासाठी इतकी वर्षं तळमळावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आणि एक गोष्ट, जी आपल्या वाटेवरचीच आहे. आपल्या तळेगावात बाबासाहेब आंबेडकरांचा बंगला आहे, आणि लोकलनं पुण्याकडे जाताना मध्ये देहूरोड लागतं. तिथं २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांच्या हातून बुद्धमूर्तीची स्थापना झाली. त्याच बाबासाहेबांच्या इच्छेवरून पाली बुद्धवंदनेला संगीत देण्याचं काम मास्तरांनी केलं. आळंदीच्या वैदिक घराण्यात जन्मलेला हा माणूस विठ्ठलाचे अभंग, मैनेचं कोठ्यावरचं गाणं, मातृभूमीचं स्तवन आणि बुद्धवंदना अशा सगळ्यांना सारख्याच निष्ठेनं चाल देतो. कुठंही हात आखडत नाही. मला त्यांच्याबद्दल नुसता आदर वाटत नाही, माया वाटते, ती याच्यामुळे.

मैफलीतही ते पहिल्या पंगतीचे गवई होते, हे विसरू नकोस. त्यांचं गाणं चपळ. स्वर कुठून निघून कुठं जाईल याचा अंदाज येत नाही आणि समेवर येताना ऐकणाऱ्याच्या तोंडून आपोआप दाद जाते. ही हजरजबाबी वृत्ती त्यांना नाटकानं दिली असं माझं मत आहे. समोरच्या नटाचं वाक्य चुकलं, पेटी पुढं गेली, प्रेक्षकांतून वन्स मोअर आला, तर क्षणात सावरावं लागतं. रोज रात्री ज्यानं हे केलं त्याचा गळा कधी गोंधळत नाही. त्यांचे शिष्य राम मराठे यांचं उदाहरण बघ. ‘गोपालकृष्ण’मध्ये ते पोरवयातले कृष्ण झाले, पुढं ‘मंदारमाले’त गायले, आणि ख्यालगायक म्हणून त्यांची योग्यता कोण नाकारील? तीन पिढ्या झाल्या, बुवा, मास्तर आणि राम मराठे. तिघंही पोरवयात तोंडाला रंग लावून उभे राहिलेले.

सरकारनं १९७१ साली मास्तरांना पद्मभूषण दिलं, दुसऱ्या वर्षी संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळाली. बुवांनी पुण्यात काढलेला भारत गायन समाज त्यांनी सांभाळला, बंदिशींचे ‘रागसंग्रह’ छापून पुढच्यांसाठी ठेवले. २० ऑक्टोबर १९७४ ला ते पुण्यात गेले.

तुझ्या गुरुजींना न विचारता काही करू नकोस, हे मी सांगायला नको. पहाटेचा रियाज मोडू नकोस. तालमीत ओरडून बोलत असशील तर ते मात्र आजपासून बंद कर, त्यानं गळा खरोखर बिघडतो. आवाज फेकायचा तो पोटातून, हे दिग्दर्शकाकडून नीट शिकून घे. पण नाटक सोडू नकोस. आपल्या गावात ‘कलापिनी’सारख्या संस्थेनं इतकी वर्षं रंगमंच जिवंत ठेवला आहे, पुण्या-मुंबईकडे न धावता इथं उभं राहता येतं. मागच्या वेळी तुझं पद ऐकलं तेव्हा स्वर अगदी जागेवर होते, तानही साफ होती. फक्त ती मुलगी कुणाशी बोलतेय हे मला कळलं नव्हतं. ते रियाजाच्या खोलीत एकटीला उमगणार नाही. समोर दुसरा नट लागेल.

दुसरं एक काम करशील? मास्तरांच्या स्वतःच्या आवाजातली जुनी ध्वनिमुद्रणं मिळतात. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्या आहेत, खरखर आहे, आवाज लांबून येतो. एकदा ऐकून ठेवून देऊ नकोस. पुन्हा पुन्हा लाव, आणि तुझ्या नाटकातल्या पोरापोरींनाही ऐकव. त्यांना सांग की हा आपल्या शेजारच्या आळंदीचा माणूस आहे.

तुझ्या आईला नमस्कार सांग. प्रयोगाची तारीख ठरली की कळव, मी येणार आहे.

तुझी,
मावशी