काट्यावरची सॅक

आमच्या हळदीच्या काट्यावर आजवर काय काय चढलं, त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. पोती तर चढायचीच. पण चार दिवसांचं वासरू, लग्नातली बुंदीची पाटी, सुट्टीत आलेली भाचरंही चढली. परवा त्यावर माझी सॅक चढली. लाल आकडे लुकलुकले आणि थांबले : 13 किलो 400 ग्रॅम.

"बारकं पोतंच झालं की रे हे," वडील बाजेवरूनच म्हणाले.

तीन दिवसांच्या चालण्यासाठी तेरा किलो! मी मुकाट सॅक खाली उतरवली आणि अंगणातच उघडून बसलो.

हिमालयात चालायला जायचं, हे गेल्या श्रावणात ठरलं. आम्ही तिघं, शाळेतल्या एका बाकावरचे, आता पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. पुण्या-मुंबईची पोरं शनिवारी निघतात आणि रविवारी राजगड करून घरी जेवायला येतात. आम्हाला सह्याद्रीसाठीच रात्रभराचा प्रवास. हिंगोली समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेचारशे मीटर. आमचा डोंगर म्हणजे औंढ्याच्या आजूबाजूच्या टेकड्या आणि उन्हाळ्यात पिवळे पडणारे माळ. त्यामुळे उंचीचं आकर्षण आहे. पण तिची सवय नाही.

वहीच्या पहिल्या पानावर बेत लिहिला. हिंगोलीहून श्रीगंगानगर एक्स्प्रेसनं अकोल्यामार्गे दिल्ली, तिथून ऋषिकेश, मग देवप्रयाग आणि रुद्रप्रयाग ओलांडत उखीमठ आणि सारी नावाचं गाव. पहिल्या दिवशी सारीहून देवरियाताल. चढ छोटा, फुप्फुसांची ओळखपरेड म्हणण्याइतका. त्या तळ्यात 7138 मीटरचा चौखंबा उलटा उतरलेला दिसतो, अर्थात वारा पडलेला असेल तर. दुसऱ्या दिवशी बांज आणि बुरांशच्या जंगलातून चोपत्यापर्यंत लांबलचक चाल. तिसऱ्या दिवशी 3680 मीटरवरचं तुंगनाथ, पंचकेदारांतलं सगळ्यात उंच देऊळ, आणि त्याच्याही वर चंद्रशिला. कळसूबाई 1646 मीटर. म्हणजे महाराष्ट्राच्या माथ्यावर दुसरी कळसूबाई ठेवली, तरी तुंगनाथाची पायरी वरच राहते.

कुठं जायचं ते एका संध्याकाळी ठरलं. कधी जायचं, यात तीन महिने गेले.

बुरांश फुलतो मार्च-एप्रिलमध्ये. अख्खं जंगल लाल होतं म्हणतात. पण त्याच दिवसांत आमच्याकडं सगळं पिवळं असतं. हळद काढायची, शिजवायची, वाळत घालायची, ढोलात पॉलिश करायची. अंगण, छप्पर, पायांच्या भेगा, सगळीकडं हळद. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण मानांकनानं हळद आपोआप वाळत नाही. बुरांश गेला. मे महिन्यात देवळाची कपाटं, म्हणजे दारं, उघडलेली असतात. पण घरात लग्न. जूनमध्ये मृग. इथं सारं गाव ढगांकडं बघत असताना आपण ढगांच्याही वर जाऊन बसायचं, हे मनाला पटेना. ऑक्टोबरात सोयाबीन. ते घरात आलं, हरभरा पेरून झाला, की हळद जमिनीत निवांत वाढत असते आणि शेतकऱ्याला चार दिवस श्वास मिळतो. ती फट नोव्हेंबरातली. आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. त्या सकाळी आठला तिघंही मोबाईल घेऊन असे बसलो होतो, जसा काही बाजार समितीत भाव फुटणार होता.

मग लक्षात आलं, तोवर तुंगनाथाची कपाटं बंद झालेली असतील. दिवाळीच्या सुमारास देव पालखीत बसून खाली मक्कूमठाला येतो आणि हिवाळा तिथं काढतो. म्हणजे आम्ही वर चढणार तेव्हा देव खाली उतरलेला! एक मित्र हिरमुसला. मला मात्र त्या देवाविषयी आपुलकीच वाटली. थंडी पडली की खालच्या गावी मुक्कामाला येणारा देव म्हणजे आपल्यातलाच कुणी.

वहीची पुढची पानं आकड्यांची. हजार मीटर चढलं की पारा साधारण साडेसहा अंशांनी उतरतो. तुंगनाथाजवळ पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळतं. म्हणजे आपली तुरीची डाळ कुकरशिवाय तिथं शिजता शिजणार नाही. हवा समुद्रकाठच्या मानानं दोन तृतीयांश. तीन हजार मीटरच्या वर मुक्काम रोज पाचशे मीटरहून जास्त उंच नेऊ नये; डोकं दुखून मळमळलं तर खाली उतरावं, हट्ट करू नये. हे शेवटचं वाक्य मी लाल शाईनं अधोरेखित केलं, कारण आम्हा तिघांचं हट्टाशी जुनं नातं आहे.

सरावाला दगड कशाला, म्हणून सॅकमध्ये हळकुंडं भरली. दहा किलो. पहाटे औंढ्याजवळची टेकडी चढायची, उतरायची, पुन्हा चढायची. पहिल्या आठवड्यात पोटऱ्या बोलत होत्या, दुसऱ्यात गुडघे. तिसऱ्यात सगळे गप्प झाले आणि कानाशी फक्त हळकुंडांचा खुळखुळ उरला. पाठ घामानं भिजली की हळदीचा तो कडवट, मातकट वास वर यायचा. वाटायचं, आपण शेतच पाठीवर घेऊन चढतोय.

एका सकाळी तसाच घामेजलेला नागनाथाच्या दर्शनाला गेलो. औंढ्याचं ज्योतिर्लिंग गाभाऱ्याच्या खाली आहे. अरुंद, उभ्या पायऱ्यांनी अंग चोरत उतरावं लागतं, आणि खाली पोचल्यावर ताठ उभं राहता येत नाही. तिथं वाकून बसलो असताना मायचं बोलणं आठवलं. बेत ऐकल्यापासून तिचा एकच धोशा, "इथं नागनाथ असल्यावर तिकडं कशाला जायलास रे?" तिच्या डोळ्यांपुढं जून 2013 च्या महापुरातलं केदारनाथ होतं, टीव्हीवर पाहिलेलं ते गढूळ पाणी अजून ओसरलेलं नाही.

तिचा प्रश्न जुनाच आहे, आणि तो याच देवळात विचारला गेलेला आहे. कथा सगळ्यांना ठाऊक आहे. नामदेव गुरूच्या शोधात आले, तर विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. नामदेव रागावले. विसोबा म्हणाले, जिथं देव नाही तिथं ठेव माझे पाय. आणि नामदेवांना तशी जागा सापडेना.

मी नेहमी इथंच थांबायचो. या खेपेला कथा पुढं सरकली. देव नाही अशी जागाच नाही, हे ज्याला औंढ्यात कळलं, त्यानं खरं तर कुठंही जायचं कारण नव्हतं. पण कयाधूकाठच्या नर्सीचा हा माणूस पार पंजाबपर्यंत गेला. घुमानला राहिला. त्याची 61 पदं गुरुग्रंथसाहिबात आहेत; 2015 मध्ये अख्खं मराठी साहित्य संमेलन त्याच्या मागोमाग घुमानला गेलं. तिथून हिमालयाचा पायथा फार दूर नाही. मग देव शोधायला नाही, तर कशाला चालला असेल तो? मला वाटतं, जे ऐकलं ते खरं आहे का, हे पायांनी पडताळायला. सगळीकडं आहे म्हणतात ना, मग चला, बघू.

तेवढं मोठं उत्तर माझ्याजवळ नाही. पण मायला सांगायला निदान एक धागा मिळाला. रात्री तिला म्हणालो, "नामदेव महाराजबी गेलेच होते की." ती भाकरी थापता थापता थांबली. "ते काय परतीचं तिकीट काढून गेलते का?" म्हणाली आणि पुन्हा थापू लागली.

आता सॅक अंगणात उघडी पडली होती. एकेक वस्तू बाहेर निघाली. तिसरा स्वेटर गेला. जाडजूड टॉवेल गेला, पंचा आला. दोन पुस्तकं गेली; तिथं वाचायला डोंगर आहेत, असं मनाला समजावलं. बॅटरी, पावसाळी कोट, लोकरी मोजे, औषधांची पिशवी राहिली. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, गुळाचे लाडू यांवर मतदान घ्यायची हिंमतच झाली नाही. पुन्हा काट्यावर : 9 किलो 150.

तेवढ्यात माय आली. पदराच्या गाठीतून तिनं कागदाची पुडी काढली. आत यंदाचं एक हळकुंड. "देव वर असला तर वर वाह्य, खाली आला असला तर खाली."

मी वरचा कप्पा उघडला, पुडी ठेवली. आमचा काटा पन्नास ग्रॅमच्या टप्प्यानं चालतो. आकडा जागचा हलला नाही. माय वाकली, तो लाल आकडा तिनं नीट न्याहाळला आणि म्हणाली, "बघ, झालं का ओझं?"