नांदेड-लातूरला जाताना

स्पेनला किंवा मेक्सिकोला निघालेला व्यापारी विमानात बसण्यापूर्वी तिकडचे चार शब्द पाठ करतो. नमस्कार कसा करावा, आभार कसे मानावेत, भाव कसा विचारावा, एवढी तयारी तरी त्याच्याकडून होतेच. मुंबई-पुण्याचा तोच व्यापारी नांदेडला किंवा लातूरला निघाला, तर मात्र कसलीच तयारी करीत नाही. मराठी मुलूख, मराठी माणसे, मग तयारी कशाची, असे त्याला वाटते. घोटाळा बहुधा येथेच होतो. परक्या भाषेतील चूक ऐकणारा माफ करतो. आपल्याच भाषेतील चूक मात्र त्याला उद्धटपणा वाटते.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. दरबाराची, कचेरीची व शिक्षणाची भाषा उर्दू होती. नांदेड जिल्ह्यातील देगलूर, बिलोली हा पट्टा तेलुगू मुलखाला लागून आहे. लातूर जिल्ह्यातील उदगीर, देवणी, निलंग्यापासून कानडी मुलूख दूर नाही. त्यामुळे एकाच पेठेत कोमटी सावकार घरात तेलुगू बोलतो, लिंगायत वाणी मराठीत कानडी शब्द मिसळतो, मारवाडी व गुजराती घरांची आपापली बोली असते, सैतवाळ जैनांची घरची भाषा मराठीच असते आणि हमाल दखनीत हाका मारतात. दुकानात बसलेला मुनीम दिवसभरात तीन भाषा सहज बदलतो व त्याचे त्याला भानही नसते.

येथील मराठीचा बाजही निराळा. ‘काय करू लालास’, ‘जाऊ लालो’, ‘कामून’, ‘हाव’ हे शब्द कानी पडले की पुण्याकडच्या माणसाच्या चेहऱ्यावर हसू उमटते. ते हसू आवरले पाहिजे. त्याहून वाईट म्हणजे, जवळीक दाखविण्यासाठी पाहुण्याने तीच बोली बोलण्याचा प्रयत्न करणे. ऐकणाऱ्याला ती नक्कल वाटते. पाहुण्याने आपली साधी मराठी सावकाश बोलावी. ती सर्वांना समजते.

नमस्कारही माणूस पाहून करावा. शेतकऱ्याला ‘राम राम’, माळकऱ्याला ‘राम कृष्ण हरी’, मुस्लिम व्यापाऱ्याला ‘आदाब’ किंवा सलाम, शीख गृहस्थाला ‘सत् श्री अकाल’ आणि आपल्या माणसाला ‘जय जिनेंद्र’. चुकून एकाचा नमस्कार दुसऱ्याला केला म्हणून कोणी रागावत नाही. पण योग्य शब्द निघाला की समोरच्याची मुद्रा लगेच सैल होते. वडीलधाऱ्या शेतकऱ्याला मामा, काका किंवा दादा म्हणावे. लिंगायत घरातील वडीलधारे बहुधा अप्पा किंवा अण्णा असतात. ‘ओ शेतकरी’ अशी हाक मारणारा खरेदीदार दिवसभर फिरूनही चांगला माल घेऊन परतत नाही.

धान्याच्या बाजाराला येथे ‘मोंढा’ म्हणतात. नांदेडचा मोंढा व लातूरची आडत बाजारपेठ, विशेषतः तूर, हरभरा आणि सोयाबीन यांसाठी, दूरवर प्रसिद्ध आहे. लातूरची जुनी पेठ गंजगोलाईभोवती वसली आहे: मध्ये जगदंबेचे मंदिर, भोवती गोल इमारत आणि तेथून फुटणारे सोळा रस्ते. १९१७ मध्ये आखलेल्या या रचनेत नवखा माणूस हमखास वाट चुकतो; त्याने दुकानाचे नाव न विचारता कोणत्या मालाची ओळ ते विचारावे, म्हणजे लवकर पोहोचता येते.

मोंढ्यात वागण्याचे नियम कोठे लिहिलेले नाहीत, पण ते कडक आहेत. धान्याच्या राशीवर पाय पडू द्यायचा नाही. खळ्यावर तर राशीजवळ जाताना वहाणा काढण्याची रीत अनेक घरांनी अजून पाळली आहे. वानगी पाहण्यासाठी मूठ भरली, तर दाणे पाहून पुन्हा ढिगात सोडायचे, जमिनीवर फेकायचे नाहीत. माल ओला असेल तर ‘थोडा ओलावा आहे’ म्हणावे. ‘माल खराब आहे’ हे वाक्य धन्याच्या तोंडावर बोलू नये, कारण त्या ढिगात त्याचे वर्ष गेलेले असते. जुन्या काळी रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवीत. ती पद्धत गुप्त असल्याने शेतकऱ्याला अपाय करणारी होती आणि उघड लिलावाचा नियम आला हे योग्यच झाले. तरीही रुमालाची एक शिकवण उरली आहे: चारचौघांत कोणाच्या मालाची किंमत पाडून बोलू नये. घासाघीस आडत्याच्या गादीवर बसून, पाणी पिऊन झाल्यावर करावी. आल्याआल्या भाव विचारणारा माणूस घाईचा समजला जातो, आणि घाईच्या माणसाला उधारी मिळत नाही.

पैशाच्या व्यवहारात दखनीचा एक शब्द विशेष जपून ऐकावा लागतो. दखनी बोलणारा ‘परसों माल भेज्या’ म्हणाला, तर माल परवाच निघाला असे समजू नये. त्या बोलीत ‘परसों’ म्हणजे मागे कधीतरी. ते चार दिवसही असतील, पंधराही. अशा वेळी ‘कोणती तारीख?’ असे हसतमुखाने विचारून घ्यावे. त्यात अविश्वास नाही. स्थानिक व्यापारीही तसेच विचारतात. ‘नक्को’ ऐकून मात्र बिचकू नये. तो आपलाच ‘नको’ आहे, दखनीने मराठीकडून घेतलेला. ‘मैंच’, ‘तूच’ मधला ‘च’ही आपलाच. शेकडो वर्षांच्या शेजाराने दिलेली ही देवघेव आहे.

नांदेडला यात्रेकरूंची गर्दी असते ती तख्त सचखंड श्री हुजूर साहिब येथे. गुरू गोविंदसिंह १७०८ साली येथे ज्योतीत विलीन झाले. महाराजा रणजितसिंहांच्या पुढाकाराने १८३२ ते १८३७ या काळात आजचे मंदिर उभे राहिले. २००८ मध्ये गुरू-ता-गद्दीची त्रिशताब्दी झाली, तेव्हा सारे शहर नव्याने आखले गेले. पाहुण्याने आधी खिसे तपासावेत: तंबाखू, विडी, गुटखा यांतले काहीही आत नेणे हा मोठा अपमान आहे. पादत्राणे ठेवून हातपाय धुवावेत, स्त्री-पुरुष दोघांनीही डोके झाकावे. रुमाल किंवा ओढणी चालते. ग्रंथसाहिबांच्या दिशेला पाय पसरून बसू नये. कडाह प्रसाद दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यावा. तो पीठ, तूप व साखरेचा असतो. तेथील शिखांशी तोडक्यामोडक्या पंजाबीत बोलण्याची गरज नाही. पिढ्यान्‌पिढ्या नांदेडला राहिलेली ही घरे मराठी व दखनी सफाईने बोलतात, आणि त्यांना ‘तुम्ही पंजाबहून कधी आलात?’ असे विचारणे म्हणजे त्यांच्याच गावात त्यांना परके ठरविणे होय.

लंगरचा प्रश्न जैन कुटुंबांना थोडा अवघड वाटतो. जेवण शाकाहारी असते. पण डाळ-भाजीत कांदा-लसूण असू शकतो, आणि चौविहार पाळणाऱ्याला सूर्यास्तानंतर बसता येत नाही. यावर उपाय सोपा आहे. दिवसा जावे, पंगतीत बसावे, रोटी दोन्ही हातांनी घ्यावी आणि जे चालत नाही त्यावर हात आडवा धरून नम्रपणे ‘बस’ म्हणावे. ताटात घेऊन टाकून देणे मात्र फार वाईट दिसते. जेवायचे नसेल तर भांडी घासण्याची, भाजी निवडण्याची सेवा करता येते. तिला कोणी जात-धर्म विचारीत नाही.

घरगुती आमंत्रणात मात्र नियम आदल्या दिवशीच सांगावेत. ‘आम्हाला काहीही चालते’ असे म्हणून ऐन पानावर कांदा बाजूला काढणारा पाहुणा गृहिणीला दुखावतो. नुसते ‘जैन जेवण’ म्हणून भागत नाही. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा अशी नावे घेऊन सांगावे. लातूरला शिकायला मुले ठेवणाऱ्या पालकांनी खाणावळीत हीच यादी कागदावर लिहून द्यावी. ‘लातूर पॅटर्न’च्या ओढीने दूरदूरची मुले या गावात भाड्याच्या खोल्यांत राहतात, त्यांना सांभाळणारी मावशी बहुधा आसपासच्या खेड्यातून आलेली असते. मुलाने तिला ‘अहो मावशी’ म्हणावे, इतके पालकांनी बजावले तरी पुष्कळ झाले.

दोन विषय पाहुण्याने आपणहून काढू नयेत. एक किल्लारीचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनानंतरच्या रात्री, औसा आणि लोहारा भागातील गावेच्या गावे कोसळली. नंतर ती दुसऱ्या जागी वसविली गेली. भूकंपग्रस्त मुलांपैकी सुमारे १२०० जणांना भारतीय जैन संघटनेने शिक्षणासाठी पुण्याला नेले, हे अनेक वाचकांना माहीत असेल. ते श्रेय तेथे जाऊन सांगायचे नसते. कोणी स्वतः बोलू लागला तर ऐकावे. ‘तुमच्या घरचे किती गेले’ असे विचारू नये. दुसरा विषय पाण्याचा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, पाणी भरण्याच्या जागी जमावबंदी करावी लागली. या गावात कोणी पाण्याचा तांब्या पुढे केला, तर लागेल तेवढेच पाणी ओतून घ्यावे. पेला भरून घेऊन अर्धा टाकणाऱ्याकडे घरातली म्हातारी माणसे पाहत राहतात.

मार्गशीर्षातील अमावास्येला, म्हणजे डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास, लातूर-धाराशिवकडे ‘येळवस’ असते. ‘येळ’ हा कानडी ‘सात’चा अपभ्रंश असल्याचे सांगतात. त्या दिवशी घरे रिकामी होतात व सारे शेतात जातात. कडब्याच्या खोपीत पूजा होते आणि वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही जेवायला बोलावले जाते. हे आमंत्रण नाकारू नये. भज्जीत अनेक भाज्या व लसूण असतात, आंबील आंबविलेले असते. व्रती कुटुंबाला ते चालणार नाही. पण गव्हाची खीर आणि हरभऱ्याचा डहाळा असतोच. ‘आमचा नेम आहे, खीर घेतो’ एवढे सांगितले की यजमान मागे लागत नाहीत, उलट खिरीची वाटी दुसऱ्यांदा भरतात. त्या दिवशी मोंढा बंद असतो, दुकानांची बहुतेक शटरे खाली असतात. खरेदीसाठी जायचे असेल तर पंचांग पाहून एक दिवस आधी किंवा नंतर निघावे.