उशिरा आलेला घोडेस्वार

मार्चमधल्या एका रविवारी अण्णांचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा मी श्लॉस योहानिसबर्गच्या अंगणात उभा होतो. जर्मनीत, ऱ्हाईन नदीकाठच्या टेकडीवरचा हा जुना द्राक्षमळा. तिकडे तासगावात आदल्या रात्री अवकाळी पाऊस झाला होता. तोडणीला आलेले मणी तडकले होते.

"औंदा बागच काढून टाकावी म्हणतो," अण्णा म्हणाले. "बघणार कोण?"

उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी कॅमेरा फिरवून समोरचा घोडेस्वाराचा पुतळा दाखवला आणि गोष्ट सांगायला लागलो.

साधारण 1100 साली इथे बेनेडिक्टाइन संन्याशांचा मठ झाला. 1716 मध्ये तो फुल्डाच्या मठाधिपतींनी विकत घेतला आणि पुढे रीसलिंग द्राक्षाची मोठी लागवड केली. तोडणीची परवानगी फुल्डाहून यायची. असं सांगतात, की 1775 मध्ये ती आणणारा स्वार फार उशिरा पोचला आणि घडांना बुरशी लागली.

"औषध मारलं न्हाई?" अण्णांनी मध्येच विचारलं.

नाही मारलं. बुरशीने मण्यांतलं पाणी आटलं, साखर वाढली, आणि वाईन अफलातून झाली. उशिरा तोडलेल्या द्राक्षांच्या अशा वाईनला जर्मन लोक 'श्पेटलेझे' म्हणतात.

पुढे मठाची मालमत्ता गेली. 1816 मध्ये ऑस्ट्रियाच्या सम्राटाने ही इस्टेट मेटरनिखला दिली. अट एकच: दरवर्षी उत्पन्नाचा दहावा हिस्सा हाब्सबुर्ग घराण्याला द्यायचा. 1942 च्या बॉम्बहल्ल्यात वाडा जळाला, तो पुन्हा बांधला. 1992 मध्ये शेवटचे प्रिन्स मेटरनिख वारले. गादीला वारस उरला नाही.

"मग आता मालक कोण?"

"कंपनी."

"आन् बाग?"

"ही काय." मी उतारावरच्या उघड्या वेली दाखवल्या.

अण्णांनी फोन डोळ्यांजवळ धरला. "छाटणी झालीय की रं. वर्षातनं एकदाच?"

"एकदाच. हिवाळ्यात."

"सोपं हाय मग."

आपल्याकडे दोनदा: एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळछाटणी. हे माहीत असूनही गेल्या पाच वर्षांत मी एकाही छाटणीला घरी नव्हतो. उशिराने गोड होणारी बुरशी योहानिसबर्गची; तासगावात पिकलेला घड कुजला की तो फेकूनच द्यावा लागतो.

"ऑक्टोबरच्या छाटणीला येऊ का?" मी विचारलं.

अण्णा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तसं आसंल तर एप्रिलची मला करून घ्यावी लागंल."

सोमवारी सकाळी ऑफिसात गेल्या गेल्या मी रजेचा अर्ज टाकला. मॅनेजरने विचारलं, एवढ्या लवकर का?